रक्ताचा कॅन्सर आणि मानेतल्या गाठी: या चुका टाळा

जळगावच्या एका लॅबमध्ये स्लाइडी बघण्यात माझी वीस वर्षं गेली. पेशंट बदलतात, चुका त्याच.

सगळ्यात जास्त चीड येते ती गाठीच्या बाबतीत. मानेत गाठ, ताप, वजन उतरलं, की टीबीच्या गोळ्या सुरू. आपल्याकडे टीबी आहेच, त्यामुळे अंदाज वावगा नाही. पण लिम्फोमातही, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्येही, ताप येतो, वजन उतरतं, रात्री कपडे घामाने भिजतात. तुकडा तपासल्याशिवाय खात्री होत नाही. चोपड्याकडचे एक आबा सहा महिने त्या गोळ्या खाऊन आले. गाठ काढू म्हटलं, तर म्हणे, "दुखस नही ना, मंग कसाले कापनी?" लिम्फोमाची गाठ बहुधा दुखतच नाही, हे गळी उतरवायला अर्धा तास गेला. शेवटी गाठ काढली. पोराने ती आणली भर मे महिन्यात, मोटरसायकलच्या डिक्कीत, पिण्याच्या पाण्याच्या बाटलीतून! बूच उघडताच वास. स्लाइडवर नुसता लगदा. आबांना परत टेबलावर घ्यावं लागलं.

तेव्हापासून मी आदल्या दिवशीच घरच्यांच्या हातात फॉर्मॅलिनची, म्हणजे गाठ सडू न देणाऱ्या द्रवाची, डबी देतो. दहा टक्क्यांचं, गाठीच्या दहापट. टीबी कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून बघायचा, तुकडा मात्र त्यात टाकायचा नाही, जंतू मरतात. तो वेगळ्या डबीत, सलाईनमध्ये. आणि तुकडा काढण्याआधी कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड घेऊ नका. गाठ विरते, रोग लपतो.

दुसरा प्रकार सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरवाल्यांचा. इमॅटिनिब हे औषध 2001 साली आलं आणि हा रोग बऱ्याच जणांसाठी रोजच्या गोळीवर आला. पांढऱ्या पेशी काही आठवड्यांत उतरतात, सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) नॉर्मल येतो, की गोळी बंद. अरे भाऊ, सीबीसी नॉर्मल म्हणजे रोग गेला असं नाही! तो बीसीआर-एबीएल या त्याच्या जनुकाच्या तपासणीत दिसतो, आणि ती साधारण दर तीन महिन्यांनी करायची असते. गोळी कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. मी पेशंटना सांगतो, पाकीट भाकरीच्या डब्यावर ठेवा. ही गोळी जेवणासोबत, ग्लासभर पाण्याने घ्यायची असते, मग विसरायचं कसं?

"स्टेज कोणती?" असं पेशंट विचारतात. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, गाठीच्या कॅन्सरसारख्या स्टेज नसतात. प्रकार कोणता, ते विचारा.

बोनमॅरो (हाडातला मगज) तपासायला कमरेच्या हाडातून काढतात, मणक्यातून नाही. त्याने पाय जात नाहीत.

साठीनंतर पाठ दुखतेय आणि हिमोग्लोबिनही उतरतंय? पेनकिलरवर दिवस काढू नका. मायलोमा, म्हणजे हाडाच्या मगजातला कॅन्सर, असेल तर किडनी आधीच नाजूक असते, पेनकिलरने ती आणखी बिघडते.

पपईच्या पानांचा रस? त्यावर बोलायची माझी इच्छा नाही.

परळला टाटा हॉस्पिटलला जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या. भुसावळहून रात्रीच्या गाडीने गेलेले लोक ब्लॉकसाठी परत आलेले पाहिलेत. मेणाचा तो तुकडा काडेपेटीएवढाही नसतो. फक्त आपल्या उन्हात गाडीच्या काचेपाशी ठेवू नका, वितळतो.