जँगो बसवण्याआधीची तयारी

विंडोज संगणकावर जँगो (पायथन भाषेत संकेतस्थळे उभारण्याचा साधनसंच) बसवण्याची मुख्य कमांड एका ओळीची आहे, आणि म्हणूनच बहुतेक जण तयारी बाजूला ठेवून थेट तिच्याकडे वळतात. मीही तसेच केले होते. त्या संगणकावर जँगो ३.२ वर चालणारा एक जुना प्रकल्प होता. नव्या प्रकल्पासाठी मी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे एका प्रकल्पाची पॅकेजे वेगळी ठेवणारी जागा, सुरू न करताच ५.२ ची कमांड दिली. पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या पिपने आधीची आवृत्ती काढल्याची एक ओळ पडद्यावर दाखवली, नवी बसवली आणि काम सुरळीत झाल्यासारखे दिसले. त्यानंतर जुना प्रकल्प चालवायला घेतला, तेव्हा तो पहिल्याच इम्पोर्टवर अडला, कारण त्यात पत्ते जोडण्यासाठी वापरलेले 'यूआरएल' हे फंक्शन ४.० पासून जँगोतून काढून टाकलेले आहे. खालच्या यादीत बाकीच्या गोष्टी कमीअधिक महत्त्वाच्या आहेत, पण एन्व्हायर्नमेंट सुरू आहे की नाही हे पाहणे ही एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत वगळू नये.

आधी आवृत्त्या ठरवून घ्याव्यात. जँगो ५.२ ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये आली, तिला सुरक्षा-दुरुस्त्या एप्रिल २०२८ पर्यंत मिळणार आहेत आणि तिला पायथन ३.१० किंवा त्यापुढचे लागते. डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या ६.० ला किमान पायथन ३.१२ हवे. शिकण्यासाठी किंवा दोन-तीन वर्षे चालवायच्या कामासाठी ५.२ घ्यावी, असे माझे मत आहे. संगणकावर अजून विंडोज ७ असेल, तर तिथे पायथन ३.९ आणि त्यापुढच्या आवृत्त्या बसतच नाहीत, ३.८ वर जँगो ४.२ पर्यंतच जाता येते, आणि त्या आवृत्तीची देखभालही एप्रिल २०२६ पर्यंतचीच. अशा यंत्रावर सराव करावा, खरे संकेतस्थळ उभारू नये.

पायथन त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. इन्स्टॉलरच्या पहिल्या पडद्यावर तळाशी पायथनला 'पाथ'मध्ये (विंडोज कमांड जिथे शोधते त्या फोल्डरांच्या यादीत) जोडण्याची चौकट असते, ती टिचकी मारून निवडावी. ती राहिली, तर टर्मिनलमध्ये 'पायथन' असे टाइप केल्यावर पायथनऐवजी मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडते आणि नवशिक्याला वाटते की पायथन बसलेच नाही. संगणकावर आधीपासून दोन-तीन पायथन असतील, तर 'पाय -०' ही कमांड त्यांची यादी दाखवते. त्यातले कोणते वापरायचे ते आताच ठरवावे.

आता फोल्डर. विंडोज ११ मध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरे बऱ्याचदा वनड्राइव्हच्या आत असतात. तिथे प्रकल्प ठेवला, तर एन्व्हायर्नमेंटमधल्या हजारो लहान फाइली वर चढवत बसण्यात संगणक मंदावतो आणि कधीकधी फाइल अडकून राहते. सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर करावे. नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता द्यावे. प्रकल्पाला 'जँगो' किंवा 'टेस्ट' असे नाव देऊ नये आणि कोणत्याही फाइलला 'जँगो.पीवाय' म्हणू नये. पायथन मग खऱ्या जँगोऐवजी तुमचीच फाइल उचलते आणि त्रुटीचा संदेश असा येतो की कारण लवकर सापडत नाही.

एन्व्हायर्नमेंट तयार करण्यासाठी वेगळे काही बसवावे लागत नाही; 'व्हेन्व' हे मॉड्यूल ३.३ पासून पायथनसोबतच येते. प्रकल्पाच्या फोल्डरात 'पायथन -एम व्हेन्व .व्हेन्व' ही कमांड दिली की त्या नावाचे फोल्डर तयार होते. पण तयार होणे आणि सुरू होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नेमकी चूक इथेच होते. फोल्डर दिसते आहे म्हणून एन्व्हायर्नमेंट चालू आहे असे मुळीच समजू नये. त्यातल्या 'स्क्रिप्ट्स' फोल्डरातील 'अ‍ॅक्टिव्हेट' चालवल्यावर टर्मिनलच्या ओळीच्या सुरुवातीला कंसात '.व्हेन्व' हे नाव आले पाहिजे. ते आले नाही, तर पुढची कोणतीही कमांड देऊ नका. पॉवरशेल बऱ्याच संगणकांवर स्क्रिप्ट चालवायलाच नकार देते आणि तांबड्या अक्षरांत लांबलचक संदेश दाखवते. त्या वेळी कंटाळून 'राहू दे, तसेच बसवू' असे म्हणू नये. कमांड प्रॉम्प्ट उघडून तिथे सुरू करावे, किंवा फक्त आपल्या खात्यापुरती एक्झिक्युशन पॉलिसी (स्क्रिप्ट चालवू देण्याचा नियम) 'रिमोटसाइन्ड' करावी.

एन्व्हायर्नमेंट त्या एका खिडकीपुरतेच सुरू असते. टर्मिनल बंद करून पुन्हा उघडले, संगणक पुन्हा सुरू केला, संपादकात नवे टर्मिनल घेतले, की प्रत्येक वेळी ते सुरू आहे का हे पुन्हा पाहावे लागते. व्हीएस कोडमध्ये प्रकल्पाचा इंटरप्रीटर (म्हणजे कोणते पायथन वापरायचे ते) निवडून ठेवला, तर नव्या टर्मिनलमध्ये ते सहसा आपोआप सुरू होते, पण 'सहसा' या शब्दावर विसंबू नये. कंसातल्या नावाशिवाय आणखी एक खात्री करावी: 'पिप --व्हर्जन' ही कमांड द्यावी. पिप कोणत्या फोल्डरातून चालते आहे तो पूर्ण मार्ग ती दाखवते, आणि त्या मार्गात तुमच्या प्रकल्पाचे फोल्डर आणि '.व्हेन्व' दिसलेच पाहिजे.

उबंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये एन्व्हायर्नमेंटबाहेर पिप काही बसवायलाच नकार देते. विंडोजवर अधिकृत इन्स्टॉलरने बसवलेले पायथन असे अडवत नाही, म्हणून तो अडसर स्वतः घालून घ्यावा. 'पिप कॉन्फिग सेट ग्लोबल.रिक्वायर-व्हर्च्युअलएन्व्ह ट्रू' ही कमांड एकदा दिली, की एन्व्हायर्नमेंट सुरू नसताना पिप थांबते आणि तसे सांगते. माझ्या लेखी या सगळ्या तयारीत सर्वांत उपयोगी कमांड हीच आहे, आणि ती जँगो बसवण्याच्या आधी द्यायची आहे, नंतर नव्हे.

आता बसवायला हरकत नाही. कंसातले नाव पाहूनच. कमांडमध्ये आवृत्ती स्पष्ट लिहावी, म्हणजे पिप आपल्या मनाने सर्वांत नवी घेणार नाही. बसवून झाल्यावर 'पायथन -एम जँगो --व्हर्जन' देऊन ५.२ दिसते का ते पाहावे.

पुढचे थोडक्यात सांगतो. 'स्टार्टप्रोजेक्ट' देताना नावापुढे एक जागा सोडून टिंब द्यावे, नाहीतर फोल्डरात त्याच नावाचे आणखी एक फोल्डर तयार होते. 'रनसर्व्हर' पहिल्यांदा चालवल्यावर १८ मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) बाकी असल्याची सूचना येते. ती चूक नाही, 'मायग्रेट' द्यावे. डेटाबेससाठी सुरुवातीला एसक्यूलाइट पुरते, त्यासाठी वेगळे काही बसवू नये. मुख्य वापरकर्ता तयार करताना पासवर्डची अक्षरे पडद्यावर उमटत नाहीत, तरी टाइप करत राहावे. सेटिंग्जमध्ये वेळ 'यूटीसी' असते, ती 'एशिया/कोलकाता' करावी. पोर्ट ८००० दुसऱ्या कशाने अडवले असेल, तर कमांडच्या शेवटी ८००१ लिहावे.

'पिप फ्रीझ'ने दाखवलेली बसवलेल्या पॅकेजांची यादी 'रिक्वायरमेंट्स' फाइलमध्ये साठवावी, तीही एन्व्हायर्नमेंट सुरू असतानाच. नाहीतर अख्ख्या संगणकावरची पॅकेजे त्या यादीत येतात. '.व्हेन्व' फोल्डर गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) टाकू नये आणि पेनड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावरही नेऊ नये, कारण त्यात या संगणकावरचे पूर्ण मार्ग लिहिलेले असतात. तिकडे नवे तयार करावे, सुरू करावे, कंसातले नाव पाहावे आणि मगच यादीवरून पॅकेजे बसवावीत.