ठासणीच्या बंदुकीची पहिली गोळी : शिकारीआधी गोळी आणि भरणीची पारख

दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने दाबून बसवावी लागते, ती ठासणीची बंदूक. कोकणात हा शब्द आजही बोलण्यात आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हौशी शिकारीस परवानगी नाही. त्यामुळे पुढचे सारे विवेचन अमेरिकेत परवाना काढून हरणाच्या शिकारीस जाणाऱ्यांसाठी आहे. तिथल्या बहुतेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीसाठी शिकारीचा स्वतंत्र हंगाम असतो. पेनसिल्व्हेनियात तर १९७४ पासून खास चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणाऱ्या, बंदुकीचा हंगाम आहे. ही बंदूक हाती घेणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. रानात उपयोगी पडते ती थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी. दुसरी भरायला अर्धे ते एक मिनिट लागते आणि तोवर हरीण तिथे नसते. म्हणून गोळी कोणती, दारू किती आणि ठासायची कशी, यांची सारी चाचणी त्या एका पहिल्या गोळीसाठी घ्यावी.

गोळ्या विकत घेण्यापूर्वी आपल्या राज्याचे त्या वर्षीचे नियम वाचावेत. कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात गोळीभोवतीचे प्लॅस्टिकचे आवरण, म्हणजे सॅबो, चालत नाही. दारूच्या तयार गोट्या चालत नाहीत आणि दुर्बीणही चालत नाही. सॅबोवर महिनाभर मेहनत घेऊन मग हे कळले, तर सारी मेहनत वाया जाते.

त्यानंतर पाहायचा तो नळीतील आट्यांचा, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांचा, पीळ. किती इंचांत आटे एक पूर्ण फेरा घेतात, यावर कोणती गोळी स्थिर उडेल हे बरेचसे ठरते. ब्रिटिश गणिती ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये शिशाच्या गोळ्यांसाठी दिलेले सूत्र अजूनही कामाचे आहे : गोळीच्या इंचातील व्यासाचा वर्ग १५० ने गुणावा आणि गोळीच्या लांबीने भागावा. सॅबोत घालायच्या ०.४५ इंच व्यासाच्या आणि १ इंच लांबीच्या गोळीसाठी उत्तर सुमारे ३० इंच येते, आणि ०.५० इंच व्यासाच्या आधुनिक इनलाइन, म्हणजे नळीच्या थेट मागून ठिणगी देणाऱ्या, बंदुकांत २८ इंचांत एक फेरा का असतो, ते लगेच उमगते. तेच सूत्र ०.४९ इंचाच्या गोल गोळीला लावले तर उत्तर ७३ इंचांच्या पुढे जाते. म्हणूनच फडक्यात गुंडाळून भरायच्या गोल गोळीच्या जुन्या धाटणीच्या बंदुकांत ६६ इंचांत एक फेरा आढळतो. ४८ इंचांचा पीळ ही मधली तडजोड आहे. तिच्यात गोल गोळी आणि आखूड शिशाची गोळी दोन्ही चालू शकतात, परंतु लांब तांब्याच्या गोळीची अपेक्षा धरू नये. सारख्या वजनाची तांब्याची गोळी शिशाच्या गोळीहून लांब असते, हे खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवावे.

दारूच्या बाबतीत एक नियम प्राणाइतका मोलाचा आहे. बंदूक बनवणाऱ्याने तशी स्पष्ट मुभा दिली नसेल, तर धूरविरहित दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही घालू नये. तिच्या दाबाने नळी फुटते. काळी दारू आणि पायरोडेक्ससारखे तिचे पर्याय वजनाने नव्हे, तर मापाने मोजले जातात. ट्रिपल सेव्हन हा पर्याय काळ्या दारूपेक्षा जोरदार असल्याने त्याचे माप सुमारे १५ टक्क्यांनी कमी धरतात. ब्लॅकहॉर्न २०९ या पर्यायाला २०९ क्रमांकाचा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, लागतो. सुटी दारू वापरावी असे माझे ठाम मत आहे, कारण ५० ग्रेनच्या (ग्रेन हे दारूच्या मापावरचे एकक) तयार गोट्यांत पाच-दहा ग्रेनचा फरक करून पाहता येत नाही. ०.५० इंचाच्या बंदुकीत ७० ग्रेनपासून सुरुवात करून पाच-पाच ग्रेनने वर जावे आणि माहितीपुस्तिकेतील कमाल मर्यादा कधीही ओलांडू नये. दारू डब्यातून थेट नळीत ओतू नये, नेहमी मापातून ओतावी. आत ठिणगी राहिली असेल तर पेट घेते ती मापातली दारू, हातातला डबा नव्हे.

खरा फरक पडतो तो ठासण्यात, आणि नवशिके नेमके इथेच घाई करतात. नळी रिकामी असताना गज आत घालून तोंडाशी खूण करावी, आणि दारू व गोळी बसल्यावर दुसरी खूण करावी. गोळी तळाशी बसली की नाही, हे त्या दुसऱ्या खुणेवरून दर वेळी कळते. गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहिली तर गोळी अडथळ्यासारखी वागते आणि नळी फुगू शकते. दारू ओतल्यावर नळीवर दर वेळी सारख्याच टिचक्या माराव्यात, गोळी एका सलग दाबाने खाली न्यावी आणि शेवटी सारख्याच जोराने टेकवावी. गज वरून आपटू नये. शिशाचे टोक चेपते आणि प्रत्येक गोळीचा आकार निराळा होतो. भरताना चेहरा आणि धड नळीच्या तोंडासमोर येऊ देऊ नये.

झाडून झाल्यावर नळीसमोर काही यार्डांवर पडलेले फडके किंवा सॅबो शोधून काढावा, त्यावरून बरेच कळते. फडके मध्यभागी जळून भोक पडले असेल तर ते पातळ आहे, वंगण कमी आहे किंवा दारू जास्त आहे. कडेला चिरले असेल तर नळीच्या तोंडाची किंवा आट्यांची धार तीक्ष्ण आहे. सॅबोच्या पाकळ्या सारख्या उमललेल्या असाव्यात. तळ फाटला असेल तर दारू कमी करावी.

नेमबाजीच्या मैदानावर कानांना आणि डोळ्यांना संरक्षण घालून, बंदूक तिच्या लाकडी भागावर टेकवून, आधी २५, मग ५० आणि शेवटी १०० यार्डांवर झाडावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत लिहावी. तीन छिद्रांचा सुरेख पुंजका योगायोगानेही जमतो. म्हणून आवडलेली भरणी दुसऱ्या दिवशी पाच गोळ्यांनी पुन्हा पाहावी. काळी दारू, पायरोडेक्स किंवा ट्रिपल सेव्हन असेल तर प्रत्येक गोळीनंतर नळीतून एक ओलसर आणि एक कोरडी चिंधी फिरवावी. ब्लॅकहॉर्नला हे लागत नाही. नळी हाताला गरम लागत असेल तर थांबावे, कारण तापलेल्या नळीत सॅबो मऊ पडतो आणि पुंजका विस्कटतो. चाप ओढूनही बंदूक उडाली नाही, तर नळी निशाण्याकडेच धरून निदान एक मिनिट थांबावे.

आता मूळ मुद्दा. एक कोरा कागद केवळ पहिल्या गोळीसाठी राखून ठेवावा. रानात न्याल तशीच नळी तयार करावी : तेल पूर्ण पुसावे आणि रिकाम्या नळीवर एक-दोन प्रायमर फोडून ठिणगीची वाट कोरडी करावी. मग शिकारीची भरणी भरून, नळी थंड असताना, त्या कागदावर एकच गोळी झाडावी आणि कागद घडी करून ठेवावा. असे पाच निरनिराळ्या दिवशी करावे. पाच सकाळी गेल्या तरी चालतील; बंदुकीबद्दल इतके खरे सांगणारी दुसरी चाचणी मला ठाऊक नाही. स्वच्छ नळीतील पहिली गोळी पुढच्या गोळ्यांपासून दोन-तीन इंच दूर जात असेल, तर निशाणा त्या पहिल्या गोळीवर बसवावा, बाकीच्यांवर नव्हे.

झाडून आल्यावर त्याच दिवशी नळी गरम साबणपाण्याने धुऊन, वाळवून, तेल लावावे. काळ्या दारूची राख ओल खेचते आणि रात्रभरात गंज धरते.

हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग सुमारे आठ इंचांचा असतो. थंडीने थरथरणारे हात आणि धडधडणारी छाती यांसाठी त्यातले दोन इंच राखून ठेवावेत. पाच दिवसांची पाच छिद्रे ७५ यार्डांपर्यंतच सहा इंचांत बसत असतील, तर १०० यार्डांवरचे हरीण जाऊ द्यावे.