नागपुरातून स्पेनच्या किनाऱ्यावर घर शोधताना

नागपूरकर घर बघतो ते ऊन टाळण्यासाठी. पश्चिमेची खोली नको, सर्वांत वरचा मजला नको, कूलर बसेल अशी खिडकी हवी. स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर, आलिकांतेपासून मालागापर्यंत, ही सवय उलटी पडते. तिथे ऑगस्टातही दुपारचा पारा साधारण ३१-३२ च्या आसपास असतो. आपल्या मे महिन्यातल्या ४५ पुढे हे काहीच नाही. त्रास होतो तो जानेवारीत. बाहेर छान ऊन पडलेलं असतं आणि घरात शिरलं की स्वेटर चढवावा लागतो. १९६० नंतर सुटीसाठी म्हणून बांधलेल्या अनेक इमारतींत हीटिंग नाही, भिंतींत इन्सुलेशन नाही आणि फरशी गार टाइलची.

म्हणून घर बघायला जुलैत जाऊ नका, जानेवारी-फेब्रुवारीत जा आणि दुपारी एक वाजता बघा. तिथे हिवाळ्यात सूर्य घड्याळाच्या बाराला नाही, साधारण एकला सर्वांत वर येतो. तोही फार वर नाही. २१ डिसेंबरला आलिकांतेत तो क्षितिजापासून जेमतेम २८ अंशांवर असतो, नागपुरात ४५. समोरची १५ मीटर उंच, म्हणजे पाच मजली इमारत नागपुरात भर दुपारी १५ मीटर सावली टाकते, आलिकांतेत २८ मीटर. मध्ये १२ मीटरचाच रस्ता असेल तर खालच्या जवळजवळ तीन मजल्यांना डिसेंबरात ऊन दिसत नाही. उन्हाळ्यात काढलेल्या फोटोंत हे कळण्याचा प्रश्नच नाही.

फोनमधलं होकायंत्र उघडून बैठकीची खोली आणि बाल्कनी कुठल्या दिशेला आहे ते स्वतः बघा. दक्षिण सर्वांत चांगली, आग्नेयही चालते. पश्चिमेला जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत ऊन असतं, त्यामुळे बेडरूम तिकडे नको. उत्तरेचं घर स्वस्तात मिळतं, आणि ते का स्वस्त आहे हे पहिल्या हिवाळ्यात कळतं. वास्तूमुळे दक्षिणमुखी नको म्हणणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही: तिथल्या जाहिरातीतली दक्षिण बाल्कनीची असते, दाराची नव्हे.

ओल शोधायची तर उत्तरेच्या भिंतीला लागलेलं कपाट उघडून आत वास घ्या, खिडकीच्या खालचे कोपरे बघा. एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर का दिला ते विचारा. बाल्कनीच्या छताला तांबूस डाग किंवा सुटलेलं प्लास्टर दिसलं तर खाऱ्या हवेनं आतली सळई गंजली आहे असं धरून चाला. ती दुरुस्ती अख्ख्या इमारतीची असते आणि खर्च सगळ्यांत वाटला जातो. दमट हवेत आपला डेझर्ट कूलर काही कामाचा नाही, गरम आणि गार दोन्ही करणारा इन्व्हर्टर स्प्लिट एसी हवा. विजेच्या बिलावर मंजूर भार किती ते वाचा. ३.४५ किलोवॅटवर एसी, गीझर आणि ओव्हन एकदम लावले की वीज गेलीच समजा.

अंबाझरी तलाव २०२३ च्या सप्टेंबरात ओसंडला तेव्हा काय झालं ते नागपूरला सांगायला नको. तिथे तीच गत कोरड्या ओढ्यांची आहे. 'रांब्ला' नावाचे हे ओढे वर्षभर कोरडे असतात, त्यांत गाड्याही उभ्या करतात, आणि शरद ऋतूत काही तासांत भरून वाहतात. २९ ऑक्टोबर २०२४ ला व्हॅलेन्सियाजवळ अशाच पुरात दोनशेहून अधिक माणसं गेली. स्पेन सरकारचे पूररेषेचे नकाशे इंटरनेटवर फुकट बघता येतात. पत्ता टाकून बघा, विशेषतः तळमजला किंवा तळघरातलं पार्किंग घेणार असाल तर.

घर आवडलं की कागद. रजिस्ट्रीचा उतारा, 'नोता सिम्प्ले', साधारण १० युरोत ऑनलाइन मिळतो. मालक कोण, गहाण किंवा जप्ती आहे का, कुणाचा हयातीपर्यंत राहण्याचा हक्क आहे का, हे त्यात येतं. मग 'कातास्त्रो' या सरकारी मालमत्ता-नोंदीच्या नकाशाशी क्षेत्रफळ जुळवा. बंद केलेली गच्ची किंवा पोहण्याचा तलाव जागेवर आहे आणि कागदावर नाही, असं वारंवार निघतं. गावाबाहेरच्या शेतजमिनीवरचा स्वस्त बंगला म्हणजे आरएल (नियमित झाल्याचं रिलीज लेटर) नसलेल्या ले-आऊटमधला प्लॉट समजा. शिवाय युरोपीय संघाबाहेरच्या खरेदीदाराला कार्ताहेनासारख्या काही भागांत शेतजमिनीसाठी लष्कराची परवानगी लागते, तिला महिने जातात.

इमारतीच्या सोसायटीकडून, म्हणजे 'कोमुनिदाद'कडून, थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. जुन्या मालकाची चालू आणि मागच्या तीन वर्षांची थकबाकी घरावरच बसते. सभांचे मागच्या तीन वर्षांचे इतिवृत्तही मागा; लिफ्ट किंवा दर्शनी भिंतीचा मोठा खर्च मंजूर झालाय का ते तिथेच सापडतं. भाड्याने देऊन खर्च काढू असा बेत असेल तर थांबा: एप्रिल २०२५ पासून नव्या पर्यटक-भाड्याला सोसायटीच्या तीन-पंचमांश मतांची संमती लागते.

वकील स्वतः शोधा, एजंटाने सुचवलेला नको. तिथला नोटरी सरकारी अधिकारी असतो, पण तो तुमच्या बाजूचा नसतो. वकिलाची फी बहुधा किमतीच्या १ टक्का आणि त्या फीवर २१ टक्के व्हॅट. विसाराला 'आर्रास' म्हणतात, सहसा १० टक्के. तुम्ही माघार घेतली तर तो बुडतो, विकणाऱ्याने घेतली तर त्याला दुप्पट परत करावा लागतो. त्यामुळे कागद तपासण्याआधी यावर सही नाही. जुन्या घरावर आंदालुसियात ७ टक्के हस्तांतरण कर, व्हॅलेन्सिया भागात १०, जून २०२६ पासून ९. नव्या घरावर १० टक्के व्हॅट आणि मुद्रांक. किमतीवर १० ते १४ टक्के धरून चला.

एनआयई हा परदेशी माणसाचा ओळख क्रमांक आधीच काढून ठेवा, मुंबईच्या स्पॅनिश वकिलातीतून अर्ज करता येतो. सहीला जाता येणार नसेल तर मुखत्यारपत्राला परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल आणि स्पॅनिश शपथपूर्वक भाषांतर लागतं.

पैशाचं गणित नागपुरातच, सीएसमोर बसून करा. एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. नवरा-बायको दोघांनी मार्चमध्ये एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा पाठवले तर दहा लाख डॉलरपर्यंत जाता येतं. इथल्या बँकेला यासाठी कर्ज देता येत नाही. वर्षाला १० लाखांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते: एक कोटी पाठवले तर १८ लाख वेगळे ठेवावे लागतात. ते विवरणपत्रात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकून राहतात. घर ठरण्याआधी पैसे पाठवण्याची घाईही नको, कारण न गुंतवलेली रक्कम १८० दिवसांत परत आणावी लागते.

घर घेतलं म्हणून तिथे राहता येत नाही. गुंतवणुकीवरचा 'गोल्डन व्हिसा' ३ एप्रिल २०२५ ला बंद झाला. शेंगेन व्हिसावर १८० पैकी ९० दिवस, बस.

विकणारा स्पेनचा रहिवासी नसेल, आणि किनाऱ्यावर तसे पुष्कळ असतात, तर किमतीतले ३ टक्के कापून महिन्याच्या आत तिथल्या आयकर खात्यात भरायचे असतात. विसरलात तर ते घरावर चढतात. पुढे दरवर्षी, भाड्याने दिलं नाही तरी, सरकारी मूल्याच्या १.१ किंवा २ टक्के उत्पन्न मानून त्यावर २४ टक्के कर लागतो: मूल्य ६०,००० युरो असेल तर १५८ किंवा २८८ युरो. इथल्या विवरणपत्रातही परदेशी मालमत्तेच्या शेड्यूल एफएमध्ये हे घर दाखवा, कॅलेंडर वर्षाप्रमाणे. ते राहून गेलं तर काळा पैसा कायद्याखाली दंड १० लाख रुपये.