‘धर्म आणि राज्य’ विषय आला तर वादविवादाची तयारी अशी करा

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत हा विषय फिरून फिरून येतो आणि मुलं पहिल्याच मिनिटाला ‘पाश्चात्त्य देश सेक्युलर, मुस्लिम देश कट्टर’ असं ठोकून देतात. परीक्षक तिथेच पेन खाली ठेवतात. त्यापेक्षा वहीत देशांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न: पाद्र्याचा, इमामाचा पगार कोण देतं?

फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्याने सरकारने हात झटकले. पण अल्सास-मोझेल हा फ्रान्सचा पूर्वेकडचा भाग तेव्हा जर्मनीकडे होता, म्हणून तिथे तो कायदा लागू झालाच नाही. तिथल्या पाद्र्यांना आणि रब्बींना (ज्यू धर्मगुरूंना) आजही सरकारी पगार मिळतो. समोरच्याने फ्रान्सचं कौतुक सुरू केलं की हे काढायचं. इंग्लंडमध्ये राजाच चर्चचा प्रमुख, वरिष्ठ सभागृहात २६ बिशप, एवढं पुरे.

जास्त वेळ तुर्कस्तानला द्या. ३ मार्च १९२४ ला खिलाफत, म्हणजे खलिफाचं पद, बरखास्त झाली आणि त्याच दिवशी सरकारचं धर्मखातं, दियानेत, उभं राहिलं. मशिदीतला इमाम सरकारी नोकर. शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचन, खुत्बा, तेही खात्याकडून येतं. धर्म राज्यापासून वेगळा केला म्हणता, तर हे काय? सौदी-इराण सगळेच सांगतात, तुम्ही सेनेगल सांगा. नव्वद टक्क्यांहून जास्त मुसलमान, राज्यघटना सेक्युलर आणि पहिले राष्ट्राध्यक्ष सेंघोर कॅथलिक. १९६० ते १९८० ते पदावर होते.

मग कपडे. फ्रान्सने २००४ मध्ये सरकारी शाळांत हेडस्कार्फ बंद केला, तुर्कस्तानने २०१३ मध्ये बहुतेक सरकारी नोकरदार बायकांवरची तीच बंदी उठवली, इराणमध्ये सक्ती. सरावाला मी मुद्दाम बाजू उलट्या वाटते: जुन्या नाशकातून हिजाब घालून येणारी मुलगी बंदीच्या बाजूने, पंचवटीतला गंध लावणारा मुलगा विरोधात. पालकांचे फोन येतात. येऊ देत. परवा त्या मुलीने शाळेतल्या दबावाचा मुद्दा असा काही मांडला की पोराला उत्तर सुचेना, पाण्याची बाटली उघडत बसला.

‘आणि आपल्याकडे?’ हा प्रश्न येणारच. सिंहस्थाचे घाट, रस्ते, बंदोबस्त सरकारी खर्चातून होतात. हा खर्च गर्दीच्या सुरक्षेचा की धर्माचा, यावर आपली बाजू आधी ठरवून जा, स्टेजवर चाचपडू नका. त्याहून जड उदाहरण नाशिकच्या काळाराम मंदिराचं आहे. मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला, दार उघडलं नाही. पुढे घटनेच्या कलम २५ मध्ये सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरं हिंदूंमधल्या सर्व वर्गांना खुली करणारा कायदा करायची मुभा सरकारला मिळाली. राज्याने धर्मापासून लांबच राहावं म्हणणाऱ्याला हे विचारा आणि थांबा, त्याला बोलू द्या. वेळ कमी पडला तर इंग्लंड गाळा, काळाराम गाळू नका.