दीक्षेचा अर्ज करणाऱ्या स्त्रीसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यातील मराठी ख्रिस्ती कुटुंबे एकाच चर्चची नाहीत, त्यामुळे पाळकीय दीक्षा (पाळकपदाचा विधिवत अधिकार) मागणाऱ्या स्त्रीने आपल्या मंडळीचा निर्णय नेमका कोठे होतो हे सर्वांत आधी पाहावे. चर्च ऑफ साउथ इंडियाने १९७६ मध्ये स्त्रीला दीक्षा दिली आणि २०१३ मध्ये एग्गोनी पुष्पललिता या तेथे बिशप झाल्या. मेथडिस्ट परंपरेत स्त्रियांना पाळकपदाचे पूर्ण अधिकार १९५६ मध्ये अमेरिकेतील मूळ चर्चने दिले. कॅथलिक चर्चमध्ये मात्र चर्च कायद्याच्या १०२४ व्या कलमानुसार केवळ बाप्तिस्मा झालेल्या पुरुषालाच वैध दीक्षा मिळते आणि १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी या भूमिकेला अंतिम स्वरूप दिले. तेथील स्त्रीला दीक्षेचा अर्ज करता येत नाही; परंतु २०२१ पासून वाचक आणि वेदीसेवक ही पदे स्त्रियांना अधिकृतपणे खुली आहेत. आपल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) त्यांवर कोणाची नेमणूक होते, हे धर्मग्राम परिषदेत लेखी विचारता येते.

ज्या चर्चमध्ये नियम अनुकूल आहे तेथेही काम आपोआप होत नाही. अडचण वरच्या सभेत क्वचितच येते. ती बहुधा स्थानिक समितीत, शिफारशीच्या टप्प्यावर येते, कारण तेथे नकार द्यावाच लागत नाही, विषय पुढच्या बैठकीवर ढकलला की पुरे होते. म्हणून चर्चची घटना आणि नियमावली मिळवून उमेदवारीचे कलम वाचावे, सभासद यादीत आपले नाव योग्य वर्गात असल्याची खात्री करून घ्यावी, अर्जाची पोच घ्यावी आणि अर्जावरील चर्चा इतिवृत्तात नोंदवली जावी असा आग्रह धरावा. महिला मंडळाचा ठराव जोडल्यास अर्ज एकटीचा राहत नाही. ठरावावर सह्या घेताना मंडळीतील वडीलधाऱ्या पुरुषांनाही विचारावे. या भागात त्यांच्या सहीला वजन असते, आणि ते वापरण्यात काही कमीपणा नाही.

सीमाभागात भाषेचा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळावा लागतो. उपासना मराठीत होत असली तरी वरिष्ठ कार्यालयाचा पत्रव्यवहार सहसा कन्नड किंवा इंग्रजीत चालतो, म्हणून अर्जाची प्रत त्या भाषेतही द्यावी. बी.डी.चे (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदवीचे) शिक्षण पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत घेतले असो वा बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात, प्रभुभोजनाचा (होली कम्युनियनचा) विधी आणि प्रवचन कन्नडमध्ये करण्याची तयारी ठेवावी. अन्यथा ‘बाई आहे’ हे कारण उघडपणे न सांगता ‘कन्नड येत नाही’ एवढेच सांगून नियुक्ती टाळण्याची सोय समितीला आयती मिळते.

पवित्र शास्त्रावर आक्षेप येणारच. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील २:१२ आणि करिंथकरांस पहिल्या पत्रातील १४:३४ ही, स्त्रीने शिकवू नये आणि मंडळीत गप्प राहावे असे सांगणारी वचने पुढे केली जातील. याच करिंथकरांस पत्रात ११:५ येथे स्त्री प्रार्थना करते व संदेश देते हे गृहीत धरलेले आहे, आणि रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात किंख्रियाच्या मंडळीतील फिबी या स्त्रीची शिफारस या पत्रांचा लेखक पौल स्वतः करतो, हे दाखवावे. वाद लांबवू नये; एका पानाचे टिपण पुरते. पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये तरुण पुरुषांना शिकवू नये, असा आग्रह काही बिशपांनी धरला होता आणि त्यांनी त्याला स्पष्ट विरोध केला होता. मराठी मंडळीत हा दाखला मला तरी बायबलवरील बहुतेक भाष्यग्रंथांपेक्षा उपयोगी वाटतो.

नियुक्तीचे पत्र हाती आल्यावर आनंदाच्या भरात अटी वाचायच्या राहू नयेत. प्रभुभोजन स्वतंत्रपणे देण्याचा आणि विवाह लावण्याचा अधिकार, पाळकगृह, प्रसूती रजा आणि ‘सहायक’ म्हणून राहण्याची मुदत या गोष्टी लेखी असाव्यात, कारण दीक्षा देऊन वर्षानुवर्षे केवळ संडे स्कूल सांभाळायला लावणे हाही अन्यायच आहे. चर्चच्या शाळेत किंवा रुग्णालयात लैंगिक छळ झाल्यास २०१३ चा कायदा लागू होतो: दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, त्यापेक्षा कमी असल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे, आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यावी. विलंबाचे योग्य कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. ‘आधी घरातच मिटवू’ या सल्ल्यात ही मुदत निघून जाते, म्हणून समेटाची बोलणी चालू असली तरी तक्रार आधी दाखल करावी.