घानात स्वयंसेवक म्हणून निघालात? या चुका टाळा

मार्च उजाडला की मला फोन यायला लागतात. "ताई, मे महिन्यात तीन आठवडे घानाला शिकवायला जातेय, बरोबर काय काय नेऊ?" सुरुवात नेहमी बॅगेपासूनच. मी नाशिकची, गणिताची शिक्षिका. घानाच्या व्होल्टा प्रांतात, होहोये या गावाजवळच्या एका शाळेत दोन खेपांना मिळून चौदा महिने शिकवलं. परत आल्यापासून जाणाऱ्या मुलामुलींना तयारी करून देते. मुलं हुशार असतात, मनानंही चांगली असतात, पण चुका दरवर्षी त्याच करतात. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

पहिल्याच आठवड्यात काहीतरी करून दाखवणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, त्यामुळे हिच्याबद्दल सविस्तर सांगते.

आमच्या शाळेत पुण्याचा एक इंजिनिअर मुलगा तीन आठवड्यांसाठी आला होता. कामाला वाघ. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की मुलांना हात धुवायची सोय नाही. त्यानं स्वतःच्या पैशानं बाजारातून दोनशे लिटरचं निळं पिंप आणलं, त्याला दोन तोट्या बसवल्या, खाली विटांचा ओटा बांधला, साबण अडकवायला जाळी लावली. काम सुबक होतं. मुख्याध्यापकांनी आभार मानले, मुलांनी गाणं म्हटलं, फोटो निघाले. मीही कौतुक केलं. तो समाधानानं परत गेला.

नंतर महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की सकाळच्या पहिल्या तासाला सातवीच्या वर्गातल्या पाच-सहा मुली उशिरा येतात. तिकडे सहावीपर्यंत प्राथमिक शाळा आणि पुढची तीन वर्षं ज्युनिअर हाय, म्हणजे हा ज्युनिअर हायचा पहिलाच वर्ग. मुली दारात उभ्या राहायच्या तेव्हा गणवेशाचे खांदे ओले असायचे आणि डोक्यावरची चुंबळ हातात असायची. पिंप रोज भरायला लागत होतं आणि पाणी हापशावरून आणायचं. घाना काय, आपलं गाव काय, पाणी भरायचं म्हटलं की ते मुलींच्याच वाट्याला येतं. घरचं पाणी भरून आलेल्या मुली शाळेत आल्यावर पुन्हा पिंपासाठी खेपा घालत होत्या आणि त्यापायी माझे अपूर्णांक बुडत होते.

मुख्याध्यापकांना हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पाहुण्यानं दिलेली वस्तू होती, नाही कसं म्हणायचं?" हे वाक्य मी प्रत्येकाला ऐकवते. तुमच्या कामाला कुणी नाही म्हणणार नाही. ते काम हवं होतं असा त्याचा अर्थ नसतो.

पुढे शाळेच्या पालक समितीनं पत्र्याच्या छपराला पन्हाळ लावून पावसाचं पाणी त्याच पिंपात सोडलं आणि कोरड्या दिवसांत मुलग्यांचीही पाळी लावली. दोन्ही गोष्टी गावातल्या लोकांनीच सुचवल्या. आधी विचारलं असतं तर हे पहिल्या दिवशीच झालं असतं.

माझी सवय सांगते. पहिले पंधरा दिवस मी हातात वही ठेवते आणि तिच्यात फक्त प्रश्न लिहिते. पाणी कोण आणतं? किल्ली कुणाकडे असते? याआधी इथे कोण येऊन काय बांधून गेलं, आणि आज त्याचं काय झालं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी शाळेच्या मागे गंजत पडलेलं सापडतं. "पण ताई, माझ्याकडे तीनच आठवडे आहेत," असं मुलं म्हणतात. तीनच आठवडे असतील तर बांधकामाच्या फंदात पडू नका. वर्गशिक्षकाच्या हाताखाली बसा, वह्या तपासा, मागे पडलेल्या चार मुलांना वाचायला शिकवा.

नमस्कार न करता मुद्द्यावर येणं

घानात कुणाच्या घरी किंवा कचेरीत शिरल्या शिरल्या काम सांगितलं तर माणसं दुखावतात. आधी विचारपूस: झोप झाली का, घरचे कसे आहेत, प्रवास कसा झाला. घरी गेलात तर प्रथम बसायला देतात, मग पाणी, आणि त्यानंतर कशासाठी आलात ते विचारतात. आपल्याकडचं गूळपाणी आठवा म्हणजे पटेल. चार माणसं बसली असतील तर उजवीकडून डावीकडे एकेकाशी हात मिळवत जायचं, मधला एखादा गाळायचा नाही.

गावात काम करायचं असेल तर आधी गावच्या प्रमुखाला भेटायचं. दक्षिणेकडे अशा भेटीला श्नॅप्स या कडक दारूची बाटली नेतात, उत्तरेकडे कोला नट, म्हणजे चघळायची कडू बी. प्रमुखाशी थेट बोलत नाहीत. त्याचा एक प्रवक्ता असतो, व्होल्टातल्या एवे भाषेत त्याला त्सिआमी म्हणतात. तुमचं म्हणणं त्याला सांगायचं, तो पुढे पोचवतो. यात अर्धा दिवस जातो आणि तो जाऊ द्यायचा. भेटीला वेळ नाही म्हणणाऱ्याला गावात काम करायलाही वेळ नाही, असं मी समजते.

देताना, घेताना, हाक मारताना, बोट दाखवताना उजवाच हात वापरा. आपल्याला जेवणापुरतं हे ठाऊक असतं. पण गडबडीत ट्रोट्रोच्या, म्हणजे तिकडच्या वडाप गाड्यांच्या, कंडक्टरला आपण डाव्या हातानं नोट देऊन मोकळे होतो आणि तो का चिडला ते आपल्याला कळत नाही. चार शब्द शिकून जा. व्होल्टात धन्यवादाला 'आक्पे', राजधानी अक्रा आणि कुमासी शहराकडे 'मेदासे'.

जुने कपडे बांधून नेणं

कृपा करून नेऊ नका. अक्रातल्या कांतामांतो बाजारात युरोप-अमेरिकेतून आलेल्या वापरलेल्या कपड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे उतरतात. या कपड्यांना ट्वी भाषेत 'ओब्रोनी वावु' म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्याचे कपडे. त्यातले न खपणारे कपडे अक्राच्या गटारांत आणि समुद्रकिनाऱ्यावर जाऊन पडतात. तुमच्या वीस किलोंची भर तिथे कुणालाच नको आहे. वह्या-पेन्सिलीसुद्धा तिथल्याच दुकानातून घ्या, त्या दुकानदाराची मुलंही त्याच शाळेत असतात.

अनाथाश्रमात 'प्रेम द्यायला' जाणं

इथे मी कुणाचीही भीड ठेवत नाही. पैसे भरून दोन आठवडे अनाथाश्रमात राहण्याची जाहिरात दिसली तर पुढे वाचूही नका. तिथल्या बहुतेक मुलांचे आईवडील किंवा जवळचे नातेवाईक हयात असतात. त्यांच्याकडे नसतात ते फीचे आणि जेवणाचे पैसे. पाहुणे येत राहिले की आश्रमाला मुलं लागत राहतात. घानाच्या समाजकल्याण खात्यानं २००७ च्या सुमारास मुलांना संस्थांमधून काढून कुटुंबात परत नेण्याचं धोरण हाती घेतलं, ते याचसाठी.

दर पंधरा दिवसांनी नवी ताई येते, मांडीवर घेते आणि रडत रडत निघून जाते. तीन वर्षांच्या पोराच्या बाजूनं याचा विचार करा. मी एका आश्रमात फक्त एक दुपार होते. दारातून आत पाऊल टाकलं तर एका मुलीनं माझं नावही न विचारता कमरेला मिठी मारली आणि मान वर करून विचारलं, "तू कधी जाणार?" त्यानंतर मी कुणालाही तिकडे पाठवलेलं नाही. मुलांसाठीच काम करायचं असेल तर शाळेत करा, जिथून मुलं संध्याकाळी आपापल्या घरी जातात. आणि मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. नाशिकच्या शाळेत कुणी परका येऊन तुमच्या लेकीचे फोटो काढून गेला तर चालेल का?

"नो मीट" म्हणून निर्धास्त होणं

शाकाहारी मंडळी इथे हमखास फसतात. तिकडे मासे म्हणजे मीट नव्हे. कोंटोमिरेची भाजी समोर येते, पानं थेट आपल्या अळूच्या जातीची, पाम तेलात शिजलेली, वासानं जीव हरखतो. दुसऱ्याच घासाला धुरावलेल्या माशाचा काटा दाताखाली येतो. शितो नावाची काळी चटणी दिसते आपल्या ठेच्याची बहीण, पण तिच्यात सुके मासे आणि सुकट असते. मांस नको, मासे नको, सुकट नको, सूपचा क्यूब नको, असं एकेक नाव घेऊन सांगा. त्याहून बरा उपाय म्हणजे एक खाणावळवाली मावशी धरून ठेवा आणि रोज तिच्याकडेच जा. आठवड्याभरात ती तुमच्यासाठी वाटण वेगळं काढायला लागते. वाक्ये म्हणजे चवळी घालून शिजवलेला भात, तळलेली केळी, उकडलेला याम नावाचा कंद, भाजलेल्या केळ्याबरोबर शेंगदाणे, यावर माझे महिने छान गेले. बाजारात 'पेअर' म्हणून जे विकतात ते अॅव्होकॅडो असतं, स्वस्त आणि लोण्यासारखं.

छोट्या, पण महागात पडणाऱ्या

पिवळ्या तापाची लस शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. ती केंद्र सरकारनं नेमलेल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि दाखला दहा दिवसांनंतर ग्राह्य होतो. हा दाखला घानात शिरताना लागतोच, परत येतानाही लागतो. नसेल तर आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

व्हिसाची मुदत आणि विमानतळावर शिक्का मारताना लिहून दिलेले दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खिडकीसमोरून हलण्याआधी शिक्का वाचा.

चार्जरसाठी तीन चौकोनी पायांची इंग्रजी पिन (अडॅप्टर) न्या. टॉर्च न्या. तिथे विजेच्या जाण्यायेण्याला 'दुमसोर' असा खास शब्द आहे, यावरून काय ते समजा.

व्होल्टा तलावात पोहणं

अकोसोंबोचं धरण १९६५ मध्ये पूर्ण झालं आणि हा अफाट तलाव तयार झाला. पाणी संथ, किनारा सुंदर. पण संथ पाण्यात गोगलगायी वाढल्या आणि त्यांच्याबरोबर बिल्हार्झिया. गोगलगायीतून बाहेर पडलेली अळी पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरते, पाणी प्यावंही लागत नाही. पुढे लघवीतून रक्त जातं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५० च्या दशकात हाच आजार सापडला होता, म्हणून कोकणातल्या जुन्या डॉक्टरांना तो ऐकून माहीत असतो, बाकीच्यांना सहसा सुचत नाही. गावातली मुलं डुंबतात म्हणून आपणही उतरायचं हे चुकीचं आहे. त्या मुलांना शाळेत याच आजाराच्या गोळ्या देतात. तुम्ही पाण्यात उतरला असाल तर परत आल्यावर डॉक्टरांना तसं सांगून तपासणी करा.

मलेरियाच्या गोळ्या मध्येच सोडणं

माझ्याबरोबर एकाच घरात राहणारी कोल्हापूरची मुलगी डॉक्सीसायक्लिन घेत होती. सकाळी घाईत, अनशापोटी, दोन घोट पाण्याबरोबर. साहजिकच मळमळायचं, छातीत जळजळायचं. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी तिला म्हणालं, "इथले लोक कुठे गोळ्या घेतात?" तिनं बंद केल्या. मला सांगितलं नाही, कारण मी रागावले असते हे तिला माहीत होतं.

तिथल्या मोठ्या माणसांना लहानपणापासून पुन्हा पुन्हा मलेरिया होऊन थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते, आणि ती येण्याआधीच किती लेकरं दगावतात हे त्या घरांना ठाऊक असतं. कोल्हापुरात वाढलेल्या शरीरात ती शक्ती नसते. शिवाय तिथला मलेरिया बहुतांश फाल्सिपॅरम जातीचा, मेंदूपर्यंत जाणारा.

ती ठणठणीत घरी परतली. अकराव्या दिवशी ताप आला. जुलै महिना, घराघरांत व्हायरल. घरच्यांनी पॅरासिटामॉल दिली, डेंग्यूची तपासणी झाली. घाना हा शब्द कुणीच उच्चारला नाही. तिसऱ्या रात्री ती असंबद्ध बोलायला लागली तेव्हा तिच्या भावानं मला फोन केला. मी पहिलं वाक्य बोलले, "आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना सांगा की ही पश्चिम आफ्रिकेतून आली आहे." रक्तात फाल्सिपॅरम निघाला. चार दिवस अतिदक्षता विभागात होती, आर्टेसुनेटची इंजेक्शनं लागली. वाचली. आजही तिच्या आईचा फोन आला की माझ्या पोटात कालवाकालव होते.

कोणती गोळी ते डॉक्टर ठरवतील, पण परत आल्यावरही ती चालू ठेवायची असते. डॉक्सीसायक्लिन आणि मेफ्लोक्विन चार आठवडे, अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. डॉक्सी घेताना पोटभर खाऊन, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका. ऊन चटकन लागतं, टोपी घाला. मी गोळी रात्रीच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवते, म्हणजे विसरणं होत नाही. संध्याकाळ झाली की पूर्ण बाह्या, आणि झोपताना औषध लावलेली मच्छरदाणी गादीखाली खोचून.

आता नवं एक ऐकू येतं, "मलेरियाची लस आली की!" आली आहे, आणि तिच्यातली एक आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येच बनते. २०२३ मध्ये तिला पहिली मान्यता घानानंच दिली. पण ती तिथल्या तान्ह्या आणि लहान मुलांसाठी आहे, प्रवाशांसाठी नाही. तुमची गोळी चुकत नाही.

त्या जुलैपासून मी प्रत्येकाच्या हातात निघण्याआधी एक चिठ्ठी देते. परत आल्या दिवशी तिच्यावर तारीख घालायची आणि फ्रिजवर लावायची, घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवायची: "घानाहून परत, तारीख अमुक. तीन महिन्यांत कधीही ताप आला तर त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासायचं, आणि डॉक्टरांना घाना हा शब्द आधी सांगायचा." तीन महिने पूर्ण झाले की चिठ्ठीचा फोटो मला पाठवायचा, मगच ती काढायची.