लांब आणि भरघोस कुरळे केस ठेवायचे असतील तर

कुरळ्या केसांची ठेवण ठरवताना छायाचित्राआधी स्वतःचे केस पाहावेत. डोके धुतल्यानंतर काहीही न लावता आणि कंगवा न फिरवता केस सुकू द्यावेत, म्हणजे ते नुसते लाटांसारखे वळतात, स्प्रिंगसारख्या बटा धरतात की अगदी बारीक वेटोळी घालतात, हे स्पष्ट दिसते. त्याच वेळी ओल्या आणि सुकलेल्या लांबीतला फरक मोजून ठेवावा. घट्ट वळणाचे केस सुकल्यावर निम्म्याहूनही आखूड दिसू शकतात, आणि केस महिन्याला साधारण 1 ते 1.25 सेंटीमीटरच वाढतात. त्यामुळे खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत पोहोचायला सरळ केसांना दोन वर्षे लागत असतील, तर कुरळ्यांना त्याहून बराच अधिक काळ लागणार, हे आधीच गृहीत धरलेले बरे.

भरघोसपणा मुख्यतः कटवर अवलंबून असतो. सगळे केस एकाच लांबीचे ठेवले तर वजनाने टाळूजवळचा भाग चपटा पडतो, खालचा पसरतो आणि चेहऱ्याभोवती त्रिकोण तयार होतो. लांब लेअर्स, म्हणजे वरून खाली वाढत्या लांबीचे थर, दिल्यास वरच्या बटांवरचा भार कमी होऊन त्या उचलल्या जातात. केस विरळ असतील तर मात्र लेअर्स मोजकेच घ्यावेत, नाहीतर टोकांकडे केस उरत नाहीत. माझ्या मते कुरळे केस सुके असतानाच, एकेक बट पाहून कापून घ्यावेत, कारण ओले केस ताणून कापले की सुकल्यावर कोणती बट किती वर जाईल याचा अंदाज हमखास चुकतो. केस विरळ करणारी दातेरी कात्री शक्यतो वापरू देऊ नये. तिने बटा तुटक होतात आणि केस अधिक पिंजारतात.

टाळूवरचे नैसर्गिक तेल वळणावळणाच्या केसांवरून टोकापर्यंत सहजी उतरत नाही, म्हणून टोके कोरडी राहतात. बहुतेकांना आठवड्यातून एकदा-दोनदा सौम्य शांपू पुरतो, आणि तोही टाळूपुरताच लावावा. लांबीवर भरपूर कंडिशनर लावून गुंता तेव्हाच, बोटांनी किंवा रुंद दातांच्या कंगव्याने, टोकांकडून मुळांकडे येत सोडवावा. ओला केस ताणला जाऊन लवकर तुटतो, त्यामुळे इथे घाई मुळीच करू नये.

खरे काम केस सुकताना होते. पाण्याने केसांतले हायड्रोजन बंध सुटतात आणि सुकताना पुन्हा जुळतात, म्हणून त्या वेळी बट ज्या आकारात असेल तोच आकार ती धरून ठेवते. केस निथळत असतानाच जेल तळहातांवर पसरून लांबीवरून फिरवावे, मग डोके खाली झुकवून टोके ओंजळीत घ्यावीत आणि मुठीने वर दाबत न्यावीत. पाणी दाबले जाऊन पचपच आवाज येतो आणि सुट्या केसांच्या बटा डोळ्यांदेखत एकत्र येतात. खरखरीत टॉवेलने न चोळता जुन्या सुती टी-शर्टने पाणी टिपून घ्यावे. मुळांशी लहान क्लिपा उभ्या लावल्या तर टाळूजवळचे केस चिकटून सुकत नाहीत. यानंतर केसांना हात लावू नये. डिफ्यूझर, म्हणजे हेअर ड्रायरच्या तोंडाला बसवायची, हवा पसरवणारी वाटी, वापरायचा असेल तर मंद उष्णतेवर, बटा त्याच्या वाटीत अलगद बसवून वापरावा. पूर्ण सुकल्यावर जेलमुळे बटा कडक लागतात. त्या पाहून पुष्कळ जण निराश होऊन केस लगेच पुन्हा धुतात, पण त्याची काहीच गरज नसते. मुठीत धरून हलके चुरगाळले की कडकपणा मोडतो आणि मऊ, गोल बट उरते. शेवटी बोटे मुळांशी घालून केस थोडे हलवावेत आणि भांग दुसऱ्या बाजूला न्यावा. सुकलेले केस विंचरून फुगवू नयेत. त्याने बटा सुटून नुसता पिंजारा होतो.

रात्री केस डोक्याच्या माथ्यावर सैल बांधावेत आणि सॅटिनचा अभ्रा वापरावा. सकाळी चपट्या झालेल्या बटांवर पाणी शिंपडून त्या पुन्हा मुठीने दाबल्या तरी पुरते. नेहमीचीच निगा राखूनही बटा लोंबू लागल्या आणि केस मेणचट वाटू लागले, तर उत्पादनांचा थर साचला आहे असे समजून एकदा खोल स्वच्छता करणारा शांपू वापरावा. टोके दर तीन-चार महिन्यांनी थोडी छाटावीत, कारण फाटे फुटलेली टोके शेजारच्या बटांत अडकून गुंता वाढवतात आणि तो सोडवताना वाढवलेली लांबीच तुटते.